ब्रूपबची पारख त्याच्या सगळ्यात साध्या बिअरवरून करावी का?

सातू:

उन्हाळी बिअर महोत्सवांचा मोसम तोंडावर आलाय, म्हणून हा धागा काढतोय.

मांडवात शिरलं की आधी नजर जाते ती मोठ्या फलकांकडे. फळांचा गर घातलेली आंबट बिअर, कॉफीवर मुरवलेली काळी स्टाउट, व्हिस्कीच्या पिंपात ठेवलेली दहा टक्क्यांची काळीभोर बिअर. रांगाही तिथेच लागतात. मी मात्र कुठल्याही ब्रूपबच्या, म्हणजे स्वतःची बिअर स्वतः बनवणाऱ्या पबच्या, स्टॉलवर आधी विचारतो, "तुमची सगळ्यात साधी बिअर कोणती?" पिल्सनर, हेलेस, कोल्श, ब्लाँड एल अशा फिकट, हलक्या बिअरपैकी जी असेल ती. ती जमलेली असेल तर पुढच्या नळांकडे वळतो, नाहीतर पुढचा स्टॉल गाठतो.

कारण सांगतो. पिल्सनरसारख्या फिकट लागरमध्ये, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअरमध्ये, एक प्रकारचं फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), थोडे हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट, एवढंच असतं. चूक झाली तर तिच्यावर पांघरूण घालायला कॉफी नाही, फळ नाही, भाजलेल्या माल्टचा करपट वास नाही. फिकट माल्टमध्ये एक गंधकयुक्त घटक असतो, त्याच्यापासून उकळताना डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. उकळी जोरदार आणि पुरेसा वेळ, म्हणजे तासभर ते दीड तास, ठेवली आणि वाफ मोकळी जाऊ दिली तर ते उडून जातं. हलगर्जीपणा झाला की बिअरला शिजवलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास येतो. आंबण्याच्या काळात यीस्ट डायअसिटिल तयार करतं, त्याला लोण्यासारखा वास असतो. यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस जरा उबेत राहू दिलं तर ते स्वतःच तयार केलेलं डायअसिटिल परत शोषून घेतं. घाईघाईत टाकी थंड केली की लोणी ग्लासात उतरतं. हे दोन्ही दोष स्टाउटमध्ये सहज दडून जातात. पिल्सनरमध्ये पहिल्या वासालाच कळतात.

म्हणजे साधी बिअर चाखताना तुम्ही त्या ब्रूअरची शिस्त चाखत असता. उकळी, यीस्टची निगा, टाकीची स्वच्छता, वाट पाहण्याची तयारी, सगळं त्यात येतं.

चाखताना आधी फेस पाहा. माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधली आम्लं मिळून तो उभा राहतो. तो घट्ट असावा आणि ग्लास रिकामा होत जाईल तशी त्याची जाळी आतल्या बाजूला चिकटून राहावी. मग वास, आणि तो पहिल्या घोटाच्या आधीच घ्यायचा, कारण नंतर नाक लवकर सरावतं. घोट मात्र गिळायचा. वाइनसारखं थुंकून चालत नाही, कारण कडवटपणा घोट उतरल्यावर किती रेंगाळतो आणि किती स्वच्छपणे निघून जातो, हेच तर पाहायचं असतं.

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही.

---

फेनिल:

धाग्याबद्दल आभार, पण मुख्य मुद्दा मला पटत नाही.

महोत्सव असतोच मुळी एरवी न मिळणाऱ्या गोष्टींसाठी. पोटाला आणि डोक्याला मर्यादा आहे. पंचवीस स्टॉलवर पंचवीस पिल्सनर पिऊन घरी आलो तर मी गेलो कशाला? पिंपात मुरवलेली बिअर वर्षातून एकदा निघते, पिल्सनर बारा महिने मिळते.

दुसरं म्हणजे सगळ्या ब्रूपबांना लागर करणं परवडत नाही. एल सोळा ते बावीस अंशांना आंबते आणि दोन आठवड्यांत नळावर येते. लागर आठ ते तेरा अंशांना आंबवायची आणि मग गोठणबिंदूच्या आसपास काही आठवडे निवत ठेवायची. ज्याच्याकडे चारच टाक्या आहेत त्यानं त्यातली एक महिना-दीड महिना अडकवून ठेवायची का? लागर नाही म्हणून एखाद्या चांगल्या ब्रूपबवर फुली मारणं अन्यायाचं आहे.

---

सातू:

टाक्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी "पिल्सनर कोणती" असं विचारत नाही, "सगळ्यात साधी कोणती" असं विचारतो. छोट्या ब्रूपबची साधी ब्लाँड एल किंवा गव्हाची बिअरसुद्धा तेवढंच सांगून जाते. कोल्श तर याचं उत्तम उदाहरण आहे. यीस्ट एलचं, आंबवणं उबेत, आणि नंतर लागरसारखं थंडीत निवत ठेवणं. जर्मनीतल्या कोलोनच्या ब्रूअरींनी १९८६ साली करार करून ठरवलं की कोल्श हे नाव कुणी आणि कशासाठी वापरायचं. इतक्या साध्या दिसणाऱ्या बिअरसाठी एवढी काळजी घेतली जाते, यातच सगळं आलं.

आणि पंचवीस पिल्सनर पूर्ण प्या असं कुठे म्हणतोय? दोन घोट पुरतात.

---

मेघना_त:

मी या विषयात अगदी नवीन आहे. मैत्रिणी महोत्सवाला चल म्हणतायत. आजवर जी बिअर चाखली ती कडूच लागली आणि आवडली नाही. तुम्ही सगळे पिल्सनरपासून सुरुवात करा म्हणताय, पण तीही कडूच असते ना? माझ्यासारखीनं कुठून सुरुवात करावी?

---

यीस्टमास्तर:

मेघनाताई, तुमच्यासाठी दार वेगळं आहे. पिल्सनर राहू दे, गव्हाच्या बिअरपासून सुरू करा.

मी बरीच वर्षं घरी बिअर बनवतो, म्हणून यीस्टच्या बाजूनं सांगतो. जर्मन हेफेवाइत्सेनमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही, आणि हॉप्स अगदी बेताचे असतात. तिच्या ग्लासात नाक घातलंत तर पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल. त्यात केळं घातलेलं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टची करणी. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. लवंगेचा वास ४-व्हायनिल ग्वायकॉलचा. ब्रूअर आंबवण्याचं तापमान वर-खाली करून कुठला वास पुढे आणायचा हे ठरवतो. थोडं उबेत आंबवलं की साधारणपणे केळं वर येतं. एकाच महोत्सवात दोन वेगळ्या ब्रूपबांच्या हेफेवाइत्सेन शेजारी शेजारी ठेवून पाहा, हा फरक पहिल्याच दिवशी कळेल.

दुसरी बेल्जियन विटबिअर. तिच्यात धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल खरोखर घालतात. ही शैली विसाव्या शतकाच्या मध्यावर संपल्यातच जमा होती. हूखार्डन गावातली शेवटची ब्रूअरी १९५० च्या दशकात बंद पडली. तिथे लहानपणी हाताखाली काम केलेल्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६ साली ती पुन्हा बनवायला सुरुवात केली. आज जगात कुठल्याही ब्रूपबात विटबिअर दिसली की त्याचं श्रेय त्या एका माणसाकडे जातं. मला हे फार मोठं वाटतं. एक अख्खी चव जगातून नाहीशी होणार होती, ती एका माणसाच्या आठवणीनं वाचली.

तिसरी गोजे. ही आंबट आणि किंचित खारट असते. मूळ जर्मनीतल्या गोसलारची, नाव झालं लाइपझिगमध्ये. चार-पाच टक्के मद्यार्क, धणे, मीठ आणि लॅक्टोबॅसिलसचा आंबटपणा, तोच जिवाणू जो दुधाचं दही करायला मदत करतो. उन्हात फिरून आल्यावर गोजेसारखं दुसरं काही नाही. कडवटपणा जवळजवळ नसतोच.

---

मेघना_त:

वा, किती छान समजावलंत! हे तिन्ही प्रकार टिपून ठेवते. पण एक विचारू का, मग सातू म्हणतात ती साधी बिअर मी कधी चाखायची?

---

सातू:

तुम्हाला गव्हाची बिअर आवडायला लागली की. यीस्टमास्तरांचा सल्लाच बरोबर आहे. पारख करणं आणि गोडी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोडी आधी.

---

फेनिल:

आता आयपीएबद्दल, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेल्या इंडिया पेल एलबद्दल, कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. कारण ब्रूपबमध्ये जाण्याचं माझं मुख्य कारण तेच आहे.

हॉप्सचा कडवटपणा आणि हॉप्सचा सुगंध हे दोन वेगळे खेळ आहेत. कडवटपणासाठी हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घालतात, त्यातली अल्फा आम्लं तासाभरात रूप बदलतात आणि विरघळतात. सुगंधी तेलं मात्र उकळीत उडून जातात. म्हणून सुगंधाचे हॉप्स आच बंद करताना किंवा थेट आंबवण्याच्या टाकीत घालतात. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. धुरकट, गढूळ दिसणाऱ्या आयपीएमध्ये बहुतेक सगळे हॉप्स असेच उशिरा पडतात, त्यामुळे ती संत्र्याच्या रसासारखी दिसते आणि कडू कमी, सुगंधी जास्त लागते. मेघना, तुम्हाला कडू आवडत नसेल तरी हिचे दोन घोट घेऊन बघाच. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या द अल्केमिस्ट या ब्रूपबची हेडी टॉपर ही या घराण्यातली गाजलेली बिअर. आधी ती फक्त पबात मिळायची, २०११ पासून कॅनमध्ये यायला लागली.

पण हा सुगंध फार नाजूक असतो. ऑक्सिजन आणि उष्णता लागली की काही आठवड्यांत विरतो आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. म्हणून बाटली हजारो किलोमीटर प्रवास करून आली असेल तर तिच्यापेक्षा टाकीपासून वीस पावलांवर ओतलेली बेताची आयपीएसुद्धा बरी लागते. ब्रूपबचा खरा फायदा हाच. स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसाला केग (बिअरचं धातूचं पिंप) कधी भरला, एवढंच विचारा. उत्तर देताना तो खुलला तर समजा माल ताजा आहे.

---

नदीकाठ:

एक शंका. गेल्या उन्हाळ्यात एका महोत्सवात एक छान पिल्सनर घेतली. गप्पा मारत उन्हातल्या टेबलावर बसलो आणि थोड्या वेळानं त्याच ग्लासाला जळक्या रबरासारखा, अगदी नकोसा वास यायला लागला. पहिला घोट उत्तम होता. केग खराब म्हणावा तर शेजारच्याचा ग्लास सावलीत होता, त्याला काही झालं नाही. हे काय असावं?

---

यीस्टमास्तर:

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: ऊन. हॉप्समधून आलेली आयसोअल्फा आम्लं आणि बिअरमध्ये असलेलं रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी२, यांच्यावर निळा आणि अतिनील प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यात याच जातीची संयुगं असतात. आपल्या नाकाला ते अब्जांश प्रमाणातही जाणवतं. कडक उन्हात साध्या काचेच्या ग्लासात हे व्हायला काही मिनिटं पुरतात. म्हणूनच बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात. हिरवी किंवा पांढरी बाटली हा प्रकाश नीट अडवत नाही.

या दोषात ब्रूअरचा काडीचाही दोष नाही. उन्हाळी महोत्सवात बिअर वाईट लागण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. सावलीत उभे राहा, ग्लासवर हात किंवा टोपी धरा, आणि ओतलेली बिअर पंधरा मिनिटांत संपेल एवढीच घ्या. हॉप्स जास्त तितका धोका जास्त, गोजेसारख्या बिअरला तेवढा नाही.

---

सातू:

यात एक भर. कधी कधी दोष नळीचा असतो. केगपासून नळापर्यंतच्या नळ्यांमध्ये यीस्ट आणि जिवाणूंचा थर बसतो. अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनची शिफारस आहे की त्या दर १४ दिवसांनी रसायनानं धुवाव्यात. न धुतलेल्या नळीतून आलेल्या बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास येतो, आणि शिव्या मात्र ब्रूअरला बसतात. म्हणून एखादी बिअर बिघडलेली वाटली तर शेजारच्या नळाची चाखा. दोन्हीकडे तोच दोष असेल तर बहुधा नळ्यांची गोष्ट आहे.

ग्लासही बघा. आतल्या बाजूला बुडबुडे जागोजाग चिकटलेले दिसले तर ग्लास तेलकट किंवा साबणाचा आहे. तो बदलून मागायला संकोच करू नका.

---

अवनी:

मी डॉक्टर नाही, पण महोत्सवांत स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या टेबलावर उभी राहते, त्यामुळे थोडं गणित मांडते. इथे सगळे ग्लासात काय आहे ते बोलतायत, त्या ग्लासांची बेरीज कुणी केली नाही.

शंभर मिली पाच टक्के बिअरमध्ये साधारण चार ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. असे दहा छोटे ग्लास म्हणजे चाळीस ग्रॅम. शरीर ताशी सात ते दहा ग्रॅमच्या आसपास मद्यार्क संपवतं, माणसागणिक कमी-जास्त. म्हणजे ते दहा ग्लास उतरायला चार ते सहा तास लागतात. हेच दहा ग्लास नऊ टक्क्यांचे असतील तर सत्तर ग्रॅमच्या वर जातं. हे गणित कॉफीनं, थंड पाण्याच्या आंघोळीनं किंवा झोपेच्या डुलकीनं बदलत नाही.

त्यात ऊन. बिअर थंड असते, तहान लागलेली असते, आणि माणूस तहानेनं पितो. ती तहान पाण्यानं भागवायची आणि बिअर चवीसाठी प्यायची, हे दोन वेगळे ठेवा. प्रत्येक नमुन्यामागे तेवढंच पाणी. जाण्याआधी पोटभर जेवण. घरी जायची सोय आधी ठरवा, गाडीची किल्ली घरीच राहू द्या. हे मी कळकळीनं सांगतेय, कारण संध्याकाळी सहानंतर पाण्याच्या टेबलावर काय दिसतं ते मी पाहिलंय.

आणि ग्लास लहान घ्या. ब्रिटनमधल्या बिअर महोत्सवांत पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १९० मिली, मागता येतो. जिथे शंभर मिलीचा नमुना मिळतो तिथे तोच घ्या.

---

मेघना_त:

अवनी, हे वाचून खूप बरं वाटलं. माझ्यासोबत येणारी एक मैत्रीण अजिबात पीत नाही. तिनं तिथे येऊन काय करायचं, असं ती विचारतेय.

---

अवनी:

तिला नक्की आणा. आता पुष्कळ ब्रूअर मद्यार्करहित बिअर मन लावून बनवतात. बऱ्याच देशांत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असलेल्या बिअरला मद्यार्करहित म्हणता येतं, त्यामुळे ज्यांना थेंबही नको त्यांनी "शून्य पूर्णांक शून्य" लिहिलेली आहे का ते विचारावं.

---

यीस्टमास्तर:

बनवण्याच्या पद्धती दोन घराण्यांच्या. एक, नेहमीची बिअर करून कमी दाबाखाली, कमी तापमानाला मद्यार्क काढून घेणं. दुसरी, माल्टोज न खाणारं यीस्ट वापरणं, म्हणजे मद्यार्क मुळात फारच कमी तयार होतो. दुसऱ्या पद्धतीत साखर उरते म्हणून बिअर गोडसर लागते, पण ड्राय हॉपिंग जोरात केलं तर तो गोडवा झाकला जातो. मद्यार्करहित आयपीए मद्यार्करहित पिल्सनरपेक्षा सरस का लागते, त्याचं हे एक कारण.

---

जुनेपान:

उशिरा येतोय. सगळे चवीवर बोलतायत, मी थोडं मागे जातो.

ब्रूपब ही नवी टूम आहे असं अनेकांना वाटतं. खरं तर एके काळी खाणावळीनं स्वतःची बिअर स्वतः बनवणं हीच रीत होती. प्रागमधलं उ फ्लेकू १४९९ सालापासूनचं आणि आजही स्वतःची गडद लागर तिथेच बनवतं. पण मोठ्या कारखान्यांनी ही रीत जवळजवळ संपवली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या इंग्लंडमध्ये स्वतः बिअर बनवणारे जुने पब चारच उरले होते. त्यातलं कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचं ब्लू अँकर अजून चालू आहे.

मग लोकच उभे राहिले. १९७१ साली ब्रिटनमध्ये काम्रा ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली. मागणी एवढीच की पिंपात यीस्ट जिवंत असलेली, तिथेच पिकणारी एल वाचवा. तिनं १९७७ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिला ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल भरवला. अमेरिकेत घरी बिअर बनवायला १९७८ च्या कायद्यानं केंद्राची परवानगी मिळाली आणि त्या घरगुती बनवणाऱ्यांतूनच पुढचे ब्रूअर आले. दारूबंदी उठल्यानंतरचं तिथलं पहिलं ब्रूपब बर्ट ग्रँट यांनी १९८२ मध्ये याकिमाला उघडलं, हॉप्सच्या मळ्यांच्या गावात. त्याच वर्षी कोलोरॅडोत ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल सुरू झाला. पोर्टलंडचा ओरेगन ब्रूअर्स फेस्टिव्हल १९८८ चा, नदीकाठच्या बागेत, भर जुलैत. आपण ज्याला उन्हाळी बिअर महोत्सव म्हणतो त्याचा साचा मला तिथे दिसतो: मोकळी हवा, लहान पेला, पुष्कळ ब्रूअर आणि नळामागे उभा असलेला माणूस प्रश्नांची उत्तरं द्यायला तयार.

हे सगळं सांगायचं कारण असं की ही चळवळ उभी राहिली ती नव्या चवीसाठी नव्हे, साध्या बिअरच्या इज्जतीसाठी. म्हणून मी सातू यांच्या बाजूचा.

---

फेनिल:

जुनेपान, माहिती मोलाची आहे, पण निष्कर्ष अर्धाच. अमेरिकेत चळवळ उभी राहिली तीच नव्या चवीसाठी. सगळीकडे एकसारखी फिकट लागर मिळत होती, तिचा कंटाळा आला म्हणून लोकांनी हॉप्स ओतायला सुरुवात केली. १९७२ मध्ये कॅस्केड हॉप्स बाजारात आले आणि १९८० पासून सिएरा नेवाडा या ब्रूअरीच्या पेल एलनं त्यांचा ग्रेपफ्रूटसारखा वास घरोघर पोचवला. हा शोध साध्या बिअरमधून आलेला नाही, तिच्याविरुद्धच्या बंडातून आलाय.

आणि शुद्धतेचं म्हणाल तर जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य होतं. त्याची तंतोतंत अंमलबजावणी जगभर झाली असती तर धणे घातलेली विटबिअर नाही, मीठ घातलेली गोजे नाही आणि गव्हाची हेफेवाइत्सेनही नाही. यीस्टमास्तरांनी मेघनाताईंना सुचवलेल्या तिन्ही बिअर बाद.

---

सातू:

फेनिल, हा मुद्दा जोरकस आहे आणि मला तो मान्य आहे. धणे, मीठ, फळं यांना माझा विरोध नाही. उलट गोजे ही मला स्वतःला फार प्रिय आहे.

पण एक बघा. चांगली गोजे कोण बनवतं? मूळ आंबवणं ज्याच्या हातात आहे तो. आंबटपणा किती चढू द्यायचा आणि कुठे थांबवायचं हे त्याला कळतं, मीठ जिभेला जाणवेल पण खारट म्हणता येणार नाही इतकंच घालायचं हेही कळतं. ज्याच्या ब्लाँड एलमध्ये मक्याचा वास आहे त्याची पॅशनफ्रूट गोजे मी कधी उत्तम लागलेली पाहिली नाही. फळ तेवढं लागतं, खाली बिअर नसते. पिल्सनरचंच घ्या. १८३८ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनच्या लोकांनी नासलेल्या बिअरची पिंपं नगरभवनासमोर ओतली, असं सांगतात. मग त्यांनी नवी ब्रूअरी बांधली, बव्हेरियातून योझेफ ग्रोलला बोलावलं, आणि त्यानं ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिली सोनेरी लागर बनवली. तिथलं अतिशय मृदू पाणी, झाटेट्स या गावचे हॉप्स, नव्या भट्टीत वाळवलेलं फिकट माल्ट. त्या दिवशी तीच जगातली सगळ्यात नवी, सगळ्यात धाडसी बिअर होती. साधी बिअर म्हणजे कंटाळवाणी बिअर नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

---

फेनिल:

हे मात्र पटलं. यंदा प्रत्येक स्टॉलवर दोन घोट साध्या बिअरचे, मग माझी आयपीए. क्रम मात्र नीट लावावा लागेल. आधी हलक्या, मग गव्हाच्या आणि आंबट, मग हॉप्सच्या, शेवटी काळ्या आणि जड. एकदा तिखट कडवी डबल आयपीए झाली की कोल्शची नाजूक चव जिभेला लागतच नाही.

---

नदीकाठ:

काळ्या बिअर अगदी थंडगार देतात. ते बरोबर आहे का? मला त्यात काहीच चव लागत नाही.

---

यीस्टमास्तर:

तुमची जीभ बरोबर सांगतेय. पिल्सनर चार ते सात अंश ठीक. पण स्टाउटचा भाजलेला, चॉकलेटसारखा वास दहा-बारा अंशांच्या खाली उघडतच नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा वास घ्या. एकाच ग्लासात दोन बिअर प्यायल्यासारखं वाटेल. नोंदी ठेवत असाल तर दोन्ही वेळचं लिहा.

नोंदींवरून आठवलं. अ‍ॅपवर पाचपैकी तारे देण्यापेक्षा दोन शब्द लिहा: काय वास आला, आणि दुसरा ग्लास घ्यावासा वाटला का. नुसत्या ताऱ्यांमध्ये जड, गोड, जोरकस बिअर नेहमी पुढे जातात, कारण दोन घोटांत त्याच छाप पाडतात. साध्या बिअरचा मोठेपणा पूर्ण ग्लास प्यायल्यावर कळतो.

---

जुनेपान:

"दुसरा ग्लास घ्यावासा वाटला का" ही कसोटी आवडली. ब्रूपबला वेगळं जायचं ते यासाठीच. महोत्सवात यादी करायची, आणि त्यातली दोन-तीन नावं निवडून नंतर एखाद्या निवांत संध्याकाळी त्या ब्रूपबात जाऊन एकच बिअर पूर्ण ग्लास घ्यायची. जमलं तर ब्रूअरशी बोलायचं. टाक्या काचेपलीकडे दिसत असतील तर कुठल्या टाकीत काय आंबतंय हे विचारलं की बहुतेक ब्रूअर हातातलं काम ठेवून सांगायला येतात.

---

मेघना_त:

शेवटचा प्रश्न. आवडलेली बिअर घरी न्यायची असेल तर? एका मैत्रिणीनं सांगितलं की ब्रूपब मोठी बाटली भरून देतात.

---

यीस्टमास्तर:

त्याला ग्राऊलर म्हणतात. जिथे नियमात बसतं तिथे देतात. नळाखाली धरून भरलेली असेल तर भरताना हवा आत जातेच, त्यामुळे न उघडता थंडीत दोन-तीन दिवस, आणि एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची. भरणाऱ्याला बाटली आधी कार्बन डायऑक्साइडनं धुवून घ्या म्हणावं आणि नळाला नळी लावून तळापासून भरायला सांगावं, फरक पडतो. आयपीए असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. बाटली उभी ठेवा, अंधारात ठेवा, आणि उन्हातल्या बंद गाडीत कधीही सोडू नका. आत दाब वाढतो आणि काच फुटू शकते.